कार्डाची खरी किंमत कशी काढायची: जॉर्डनच्या स्टिकरपासून लुकाच्या सिल्व्हरपर्यंत

मागच्या महिन्यात शनिवारी सकाळी चहा घेत होतो तेवढ्यात न्यू जर्सीतल्याच एका मित्राचा व्हॉट्सॲप आला. दोन फोटो. एकात बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनचं फ्लीअर कंपनीचं जुनं कार्ड, दुसऱ्यात ईबेचा स्क्रीनशॉट, किंमत बारा हजार डॉलर, आणि खाली एवढंच, "अरे हे खरंय का? पोराच्या खोक्यात निघालं." त्याच्या ऑफिसमधल्या एकाने स्वतःच्या लहानपणीचं कार्डांचं बुटाचं खोकं याच्या मुलाला देऊन टाकलं होतं, पोरगं नववीत, बास्केटबॉल कार्डांचं प्रचंड वेड, आणि आता घरात सगळ्यांची झोप उडालेली.

मी फक्त एवढंच लिहिलं, "मागची बाजू पाठव."

इथे अमेरिकेत आपल्या कितीतरी मराठी घरांमधली मुलं हल्ली कार्डं जमवतात, बेसबॉल, एनबीए, फुटबॉल, आणि आईबाबांना वाटतं एकतर हा कचरा आहे नाहीतर लॉटरी लागली. दोन्ही चूक. कार्डाची किंमत काढता येते, तिची ठरलेली रीत आहे, आणि मी दहा वर्षं ज्या रीतीने काढतो ती इथे सविस्तर सांगतो. मुळात एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, किंमत म्हणजे अगदी त्याच कार्डासाठी, त्याच कंडिशनमध्ये, नुकतेच कोणीतरी खरोखर मोजलेले पैसे. विकणारा किती मागतोय याला काही अर्थ नाही, मागायला काय, कोणीही काहीही मागतं. खालचं सगळं ते "अगदी तेच कार्ड" आणि "खरोखर मोजलेले" हे नीट कसं ठरवायचं याबद्दलच आहे.

पायरी १: आधी कार्ड ओळखा, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत

नव्वद टक्के चुका इथेच होतात म्हणून इथे जरा जास्त वेळ घेतो.

कार्ड उलटं करा. मागे कंपनी, साल आणि कार्ड नंबर असतो. या तीन गोष्टी आणि खेळाडूचं नाव मिळाल्याशिवाय किंमत बघायला बसूच नका. जॉर्डनचं जे प्रसिद्ध कार्ड आहे ते १९८६-८७ चं फ्लीअर, नंबर ५७, सेटमध्ये एकूण १३२ कार्डं. पण त्याच पाकिटात प्रत्येकी एक स्टिकरही यायचा, स्टिकरचा सेट वेगळा, ११ चा, आणि त्यात जॉर्डनचा नंबर ८. घाईत बघणारा माणूस दोन्हीत हमखास गल्लत करतो. शिवाय १९९६-९७ मध्ये फ्लीअरनेच या जुन्या कार्डाची आठवण म्हणून पुन्हा छापलेली आवृत्ती काढली, तिच्यावर सोनेरी फॉइलचा शिक्का आहे, तीही लोक "एटीसिक्स फ्लीअर" म्हणून टाकतात. आणि या सगळ्यावर नकली कार्डं. जॉर्डनचं हे कार्ड इतकं नकली छापलं गेलंय की ग्रेड न केलेलं, म्हणजे ग्रेडिंग कंपनीने तपासून १ ते १० मधला आकडा न दिलेलं, कोणी देत असेल तर मी हात जोडतो.

मित्राने मागची बाजू पाठवली. नंबर ८. म्हणजे स्टिकर. स्टिकर खोटा नव्हता, त्यालाही चांगली मागणी असते, पण स्क्रीनशॉटमधलं कार्ड ते नव्हतंच.

नव्या कार्डांमध्ये हा प्रकार अजून किचकट होतो कारण एकाच फोटोची वीस वीस रूपं निघतात, त्यांना पॅरलल म्हणतात. उदाहरणार्थ बास्केटबॉलपटू लुका डॉन्चिचचं २०१८-१९ चं कार्ड, पनिनी कंपनीच्या प्रिझम सेटमधलं, नंबर २८०. साधं बेस कार्ड आहे, सिल्व्हर आहे, वेगवेगळ्या रंगांची आहेत, काहींवर नंबर छापलेले असतात, गोल्ड फक्त १० छापलेत, ब्लॅक एकच. फोटो तोच. सिल्व्हर आणि बेसमध्ये किंमतीचा कितीतरी पट फरक, पण मोबाइलच्या फोटोत दोन्ही सारखीच दिसतात. कसं ओळखायचं? कार्ड खिडकीजवळ धरून हळूच तिरपं करा, सिल्व्हरवर इंद्रधनुष्यासारखी झाक सरकते, बेसवर नाही. आणि मागे बघा, सिल्व्हरवर बारीक अक्षरांत प्रिझम असं छापलेलं असतं, बेसवर नसतं. ज्या कार्डावर नंबर असेल, म्हणजे ०७/१० वगैरे, तिथे महत्त्वाचा आकडा उजवीकडचा, म्हणजे एकूण किती छापली तो, डावीकडच्याने शक्यतो फरक पडत नाही (खेळाडूचा जर्सी नंबर जुळला तर मात्र काही लोक जास्त देतात, तो हौशीचा भाग).

रुकी कार्ड आहे का तेही इथेच बघून घ्या. खेळाडूचं पहिल्या वर्षाचं कार्ड सहसा सगळ्यात महाग असतं, पण सहसाच. बेसबॉलपटू मिकी मॅन्टलचं रुकी कार्ड १९५१ चं, बोमन कंपनीचं, तरी विक्रम केला तो टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या कार्डाने, ऑगस्ट २०२२ मध्ये हेरिटेजच्या लिलावात १ कोटी २६ लाख डॉलर. लोकांच्या मनात जे बसलंय त्याला पैसे मिळतात, नियमाला नाही.

पायरी २: कंडिशन, दिव्याखाली, आणि मनाशी खोटं न बोलता

आता कार्ड हातात. हात धुऊन कोरडे करा, कडेने धरा, टेबल लॅम्प लावा आणि खोलीतली बाकीची लाइट बंद करा. चार गोष्टी बघायच्या, सेंटरिंग, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग.

सेंटरिंग म्हणजे चित्र मधोमध छापलंय का. पट्टी घेऊन डावी-उजवी किनार मोजा. डावीकडे दीड मिलीमीटर आणि उजवीकडे एक भरली तर ते ६०/४० झालं. पीएसए या ग्रेडिंग कंपनीचं सर्वोच्च १० हवं असेल तर पुढच्या बाजूला साधारण ५५/४५ च्या आत लागतं, म्हणजे नुसत्या डोळ्याला थोडंसं सरकलेलं दिसत असेल तर १० विसरा. कोपरे बघताना भिंग घ्या, साधं दहा पटीचं. कोपऱ्यावर पांढरा ठिपका दिसला की एक ग्रेड गेली. १९८६ च्या फ्लीअरला लाल-पांढऱ्या-निळ्या किनारी आहेत त्यामुळे कड जरा झिजली तरी पांढरं लगेच उठून दिसतं, म्हणूनच त्यातलं १० ग्रेडचं कार्ड इतकं दुर्मिळ.

पृष्ठभाग सगळ्यात फसवा. चकचकीत क्रोम कार्ड समोरून बघाल तर आरसा वाटेल. तेच लॅम्पखाली आडवं, जवळजवळ डोळ्याच्या रेषेत धरा आणि हळूहळू फिरवा, मग दिसते एखादी केसाएवढी रेघ, छपाईच्या रोलरची ओळ, एखादा दबलेला ठिपका. मी स्वतः कार्डांच्या एका शोमध्ये (प्रदर्शन-विक्रीत) एका विक्रेत्याकडून लुकाचं सिल्व्हर घेतलं होतं, हॉलमधल्या पिवळ्या दिव्यात एकदम क्लीन वाटलं, भाव ९ ग्रेडच्या जवळपासचा दिला. घरी येऊन लॅम्पखाली धरलं तर वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ, आणि दुसऱ्या कार्डावर ठेवून बघितलं तर एका बाजूने किंचित लहान. कापलेलं होतं. कडा नव्यासारखी दिसावी म्हणून पातीने सरळ केलेली. ग्रेडिंगला पाठवलं तर अशा कार्डाला आकडाच मिळत नाही, त्यामुळे भावात ते जवळजवळ संपतंच. तेव्हापासून मी त्याच सेटचं एक स्वस्त कार्ड खिशात ठेवतो आणि घ्यायचं कार्ड त्याच्यावर ठेवून चारही बाजू बघतो. हल्लीची बहुतेक कार्डं अडीच बाय साडेतीन इंच असतात, पण पट्टीपेक्षा ही शेजारी-शेजारी तुलना जास्त खात्रीची.

कापण्याचा हा रोग अगदी वरपर्यंत पोचलेला आहे. बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं १९०९ ते १९११ मधलं सिगारेटच्या पाकिटातलं, टी२०६ नावाच्या सेटमधलं कार्ड, जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध कार्डांपैकी एक, त्यातलं जे सगळ्यात सुंदर समजलं जायचं आणि पीएसएने ८ दिलेलं होतं, ते आपणच कापलं होतं असं बिल मास्ट्रो या लिलाववाल्याने २०१३ मध्ये कोर्टात कबूल केलं.

मनाशी एक आकडा ठरवा, १ ते १० मध्ये, आणि मग त्यातून एक वजा करा. स्वतःचं कार्ड प्रत्येकाला एक ग्रेड वरचं वाटतं.

पायरी ३: ग्रेडेड असेल तर

प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये असेल तर कंडिशनचा प्रश्न बराचसा सुटलेला असतो. कोणत्या कंपनीचा स्लॅब ते बघा. पीएसए १९९१ पासून आहे आणि पुन्हा विकताना सहसा त्यालाच जास्त भाव मिळतो, बेकेटच्या स्लॅबवर चारही गोष्टींचे वेगळे मार्क असू शकतात आणि चारही १० असले तर काळं लेबल येतं, त्याची मजाच वेगळी, एसजीसी आणि सीजीसीही चालतात. एका कंपनीच्या ९ चा भाव दुसऱ्या कंपनीच्या ९ ला लावू नका. लेबलवरचा सर्टिफिकेट नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघा, नकली स्लॅबही बाजारात आहेत. जुन्या पीएसए लेबलवर ग्रेडच्या पुढे ओसी वगैरे अक्षरं असली तर तो सेंटरिंगसारखा एखादा दोष सांगणारा शेरा आहे, साध्या ८ चा भाव त्याला मिळणार नाही.

पायरी ४: विकलेले भाव, मागितलेले नाही

आता कुठे कॉम्प्युटर उघडायचा. ईबेवर जाऊन सर्च करा, साल, कंपनी, सेट, खेळाडू, कार्ड नंबर, पॅरलल, ग्रेड असं पूर्ण लिहून, आणि मग फिल्टरमध्ये "सोल्ड आयटम्स" वर टिक करा. हे एक टिक केलं नाही म्हणून लोकांची वर्षं वाया जातात. मित्राचा स्क्रीनशॉट असाच होता, न विकलेलं, कोणीतरी स्वप्नात लावलेला भाव.

सोल्डमध्ये साधारण मागच्या तीन महिन्यांचं दिसतं. आता हे आकडे नुसते वाचून चालत नाही, प्रत्येक विक्री उघडून बघायची:

किंमतीवर रेघ मारलेली असेल तर ती बेस्ट ऑफरने विकली गेली, म्हणजे दिसतेय त्यापेक्षा कमीला गेली. खरा आकडा १३०पॉइंट या साइटवर बघायला मिळतो, फुकट आहे, मी तर आता आधी तिथेच जातो.

शिपिंग वेगळं घेतलं असेल तर ते धरा. २० डॉलरला विकलं आणि ५ शिपिंग म्हणजे घेणाऱ्याने २५ दिले. सेल्स टॅक्स मात्र धरायचा नाही.

लिलाव होता का फिक्स किंमत तेही बघा. लिलावाचा भाव मला जास्त प्रामाणिक वाटतो कारण तिथे दोन माणसं एकमेकांशी लढलेली असतात. पण लिलाव मंगळवारी पहाटे चारला संपला असेल किंवा टायटलमध्ये खेळाडूचं नाव चुकीचं लिहिलेलं असेल तर तो भाव बाजूला ठेवा.

आणि फोटो बघा. समजा पाच विक्री सापडल्या, ३१०, २९५, ३४०, १२० आणि ३०५. सरासरी काढून मोकळे होऊ नका. १२० चा फोटो मोठा करा, कोपरा मोडलेला दिसेल, तो काढून टाका. ३४० ची तारीख बघा, त्या रात्री खेळाडूने ५० पॉइंट केले असतील. राहिले २९५, ३०५, ३१०. कार्ड ३०० चं आहे, संपलं.

मोठ्या लिलावगृहांचे, गोल्डिन, हेरिटेज वगैरेंचे जाहीर आकडे वाचताना लक्षात ठेवा की त्यात घेणाऱ्याकडून वर घेतलेलं प्रीमियम मिळवलेलं असतं, साधारण वीस टक्क्यांच्या आसपास. विकणाऱ्याच्या हातात तेवढे येत नाहीत.

पूर्वी हे सगळं बेकेटच्या भावपुस्तकात बघायचे. जेम्स बेकेट हा मूळचा संख्याशास्त्राचा माणूस, त्याचं पहिलं भावपुस्तक १९७९ चं, आणि कितीतरी वर्षं अमेरिकेतली पोरं महिनाभर त्या मासिकाची वाट बघायची. अजूनही एखादा काका शोमध्ये "बुक व्हॅल्यू ८० आहे" म्हणतो, त्यांना आदराने नमस्कार करायचा आणि सोल्ड दाखवायचे.

पायरी ५: किती आहेत आणि किती जणांना हवंय

जुनं म्हणजे महाग हा समज डोक्यातून काढायला हवा. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९३-९४ पर्यंत कंपन्यांनी इतकी बेसुमार कार्डं छापली की त्या काळाला जंक वॅक्सच म्हणतात (जंक म्हणजे कचरा, वॅक्स म्हणजे तेव्हाची मेणकागदी पाकिटं). बेसबॉलपटू केन ग्रिफी ज्युनियरचं १९८९ चं अपर डेक कंपनीचं कार्ड, नंबर १, किती देखणं कार्ड, किती मोठा खेळाडू, आणि तरी पीएसएच्या १० ग्रेडची चार हजारांहून जास्त आहेत. मित्राच्या खोक्यात ती तीन निघाली. पोराला म्हटलं ठेव, सुंदर आहेत, पण कॉलेजची फी यातून निघणार नाही.

किती आहेत हे बघायला पीएसएचा पॉप रिपोर्ट आहे, कोणत्या कार्डाला कोणता ग्रेड किती वेळा मिळाला ते त्यात असतं. जॉर्डनच्या ५७ नंबरची १० ग्रेडची तीनशेच्या वर आहेत. पण पॉप वाचताना एक गोष्ट, आकडा सहसा वाढतच जातो. आज १० ग्रेडची फक्त ४० असतील पण हजारो कार्डं ग्रेड व्हायची बाकी असतील तर सहा महिन्यांत ती ४०० होतील, नव्या सेटच्या बाबतीत हे हमखास होतं.

पायरी ६: वेळ

जॉर्डनचंच उदाहरण. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्याच्यावरची डॉक्युमेंटरी सिरीज आली, लोक घरात बसलेले, हातात पैसे, आणि जानेवारी २०२१ च्या शेवटी गोल्डिनच्या लिलावात १० ग्रेडची दोन कार्डं प्रत्येकी ७ लाख ३८ हजार डॉलरला गेली. कार्डांचा ढीग इतका साचला की पीएसएला मार्च २०२१ मध्ये बहुतेक सर्व्हिस बंद ठेवाव्या लागल्या. नंतर तेच कार्ड त्याच ग्रेडमध्ये दोन लाखांच्या आसपास आलं. कार्ड तेच, ग्रेड तोच, माणूसही तोच आणि तोपर्यंत निवृत्त होऊन किती वर्षं झालेली. म्हणून बाजार हलत असेल तर तीन महिन्यांपूर्वीचा भाव धरू नका, मागच्या दोन-तीन आठवड्यांचाच धरा. खेळणाऱ्या खेळाडूचं तर अजूनच चंचल, दुखापत, ट्रेड, प्लेऑफ, सगळं भावात उतरतं. सीझन संपला की त्या खेळाची कार्डं सहसा उतरतात, घ्यायचं असेल तर तेव्हा घ्या.

पायरी ७: विक्रीच सापडली नाही तर

गोल्ड १० पैकी एक, असं कार्ड वर्षात एकदाच विकलं जातं. मग गुणोत्तर लावायचं. समजा त्याच खेळाडूचं ७५ पैकी एकवालं पर्पल सहा महिन्यांपूर्वी ४०० ला गेलं आणि त्याच आठवड्यात त्याचं सिल्व्हर १३० ला जात होतं, म्हणजे साधारण तीन पट. आज सिल्व्हर १०० ला जात असेल तर पर्पल ३०० च्या आसपास धरा. त्याच दर्जाच्या दुसऱ्या खेळाडूवर हीच पट्टी लावून बघा, जुळतंय का. वन ऑफ वनला, म्हणजे एकच छापलेल्या कार्डाला, मात्र पट्टी चालत नाही, तिथे दोन श्रीमंत माणसांना एकाच वेळी ते हवंय का एवढंच महत्त्वाचं. बेसबॉलमधल्या पॉल स्कीन्सचं, पदार्पणाच्या जर्सीवरचा पॅच (कापडी बिल्ला) लावलेलं एकमेव कार्ड एका ११ वर्षांच्या मुलाला पाकिटात मिळालं आणि मार्च २०२५ मध्ये ११ लाख डॉलरला गेलं, तो भाव कोणत्या गणिताने काढणार?

पायरी ८: ग्रेडिंगला पाठवायचं का, हे हिशोबाने

समजा रॉ, म्हणजे ग्रेड न केलेलं, कार्ड ८० ला जातं, १० ग्रेडचं २५०, ९ चं ९०, ८ चं ६०. पाठवण्यासकट खर्च ३० धरू. विक्रीची फी सुमारे १३ टक्के, म्हणजे रॉ विकलं तर हातात ६९.६० येतात.

१० मिळायची शक्यता ४० टक्के, ९ ची ४५ आणि ८ ची १५ असं वाटत असेल तर सरासरी विक्री १४९.५०, फी आणि खर्च जाऊन सुमारे १००. पाठवा. पण १० ची शक्यता २० टक्केच असेल, ९ ची ५५ आणि ८ ची २५, तर सरासरी ११४.५०, सगळं जाऊन उरतात ६९.६०. म्हणजे रॉ विकून मिळाले असते तेवढेच, वर काही महिने थांबलात ते वेगळं. सगळा खेळ त्या एका टक्केवारीवर आहे आणि ती तुम्ही लॅम्पखाली ठरवलेली असते, म्हणून दुसऱ्या पायरीला एवढा वेळ दिला. पॉप रिपोर्टमधलं १० चं प्रमाण बघून हुरळू नका, लोक चांगली निवडूनच पाठवतात, तुमच्या हातातलं कार्ड निवडलेलं नाही.

पायरी ९: कोणाला विकणार त्यावर हातात काय येणार

बाजारभाव ३०० म्हणजे तुमच्या हातात ३०० नाही. ईबेवर फी आणि पोस्टेज जाऊन २५५ च्या आसपास. शोमधला डीलर साधारण ७० ते ८० टक्के देईल आणि ते योग्यच आहे, त्याला टेबलाचं भाडं आहे, माल पडून राहायची जोखीम आहे. दुसऱ्या कलेक्टरला थेट विकलंत तर दोघांचाही फायदा, ८५-९० टक्क्यांवर तोडायचं. कार्डांची अदलाबदल करत असाल तर मात्र दोन्ही बाजूंची कार्डं एकाच पट्टीने मोजा, त्याचं सोल्डने आणि तुमचंही सोल्डनेच.

पुढच्या रविवारी मी मित्राकडे गेलो. मुलगा लॅम्प घेऊन तयारच होता. स्टिकर दोघांनी मिळून बघितला, सेंटरिंग खालच्या बाजूला घसरलेलं, दोन कोपरे मऊ, मागे पाकिटातल्या च्युइंग गमचा डाग. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "काका, सहा?" मी पाच म्हटलं असतं. आम्ही पाच ग्रेडचे मागच्या महिन्यातले चार सोल्ड काढले, एक बाद केला, बाकीचे त्याच्या वहीत तारखेसकट लिहिले. स्टिकर विकायचा नाही असं त्याने ठरवलं, पेनी स्लीव्हमध्ये (पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत) घातला, मग टॉपलोडरमध्ये (कडक प्लॅस्टिकच्या कव्हरात), आणि ज्या काकांनी खोकं दिलं होतं त्यांना तो आकडा कळवायला बाबांना फोन लावायला सांगितलं.